शिशाची गोळी कोणाची? असई आणि मराठवाड्यातल्या जुन्या बंदुका

नांगरटीत शिशाची गोल गोळी वर आली की पहिला प्रश्न ठरलेला: इंग्रजांची की मराठ्यांची? मराठवाड्यात नुसत्या गोळीवरून याचं उत्तर देता येत नाही. कारण इथल्या फौजांच्या बंदुका अठराव्या शतकातच एकमेकींसारख्या होत गेल्या होत्या.

1633 मध्ये महाबतखानाने दौलताबाद घेतलं तो काळ तोड्याच्या बंदुकीचा. जळत्या वातीने बार उडवायचा. या बंदुकांच्या नळ्या एका मापाच्या नसत, म्हणून गोळ्याही लहानमोठ्या. पुढे फ्रेंच सेनानी बुसीच्या कवायतीत तयार झालेला इब्राहिमखान गारदी 1760 मध्ये उदगीरला निजामाविरुद्ध मराठ्यांच्या बाजूने लढला. गारदी म्हणजे कवायती पायदळ; चकमकीच्या, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने उडणाऱ्या, बंदुका आणि एकसारख्या गोळ्या दख्खनच्या लढायांत रुळल्या त्या अशा पलटणींमुळे. तोड्याची बंदूक मात्र त्यानंतरही गावोगावी टिकून राहिली, त्यामुळे वेड्यावाकड्या मापाची गोळी जुनीच असेल असं नाही.

23 सप्टेंबर 1803 रोजी भोकरदनजवळ असईला, केळणा आणि जुई या नद्यांच्या मधल्या पट्ट्यात, इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीची फौज दौलतराव शिंदे आणि रघुजी भोसले यांच्या सैन्यावर चालून गेली. शिंद्यांच्या कंपूंचा, म्हणजे कवायती पलटणींचा, सेनानी पोलमन हा हॅनोव्हरचा जर्मन. त्याच्या पायदळाकडे युरोपीय धर्तीच्या चकमकीच्या बंदुका होत्या आणि तोफखाना इतका तिखट की इंग्रजांकडचे दीड हजारांहून जास्त लोक मेले वा जखमी झाले. या लढाईला केवळ वेलस्लीचा विजय म्हणून ओळखणं मला कायम खटकतं. त्या तोफा शेवटपर्यंत चालवणारे गोलंदाज याच मातीत पडले.

इंग्रजी मस्केटच्या, म्हणजे पायदळाच्या लांब चकमकीच्या बंदुकीच्या, नळीचा व्यास सुमारे 19 मिमी, गोळी मात्र साधारण 17.5 मिमी. ही फट मुद्दाम ठेवलेली असे, कारण दारूच्या काजळीने नळी भरली तरी गोळी आत सरकायला हवी. फ्रेंच मस्केटची गोळी सुमारे 16.5 मिमी. आपटून चपटी झालेल्या गोळीचा व्यास मोजून काही कळत नाही, पण वजन टिकतं. सराफाच्या काट्यावर सुमारे 32 ग्रॅम भरली तर इंग्रजी माप. 27 ग्रॅमच्या आसपास असेल तर फ्रेंच माप. गोळी गोल असून तिच्यावर साच्याची शिवण शाबूत असेल, तर ती बहुधा न उडवता हातातून पडलेली. पांढरट थर हा शिशाचा गंज, तो घासून काढू नये. लोखंडी गोळी मस्केटची नव्हेच. ती तोफेच्या छर्र्याची.

टोकदार, बुडाला पोकळ गोळी असईची असू शकत नाही. ती एन्फिल्ड रायफलीच्या काळातली, म्हणजे 1853 नंतरची. हिंगोली आणि औरंगाबादला हैदराबाद कंटिंजंटच्या, म्हणजे इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या निजामी राज्यातल्या फौजेच्या, छावण्या होत्या. तिथे अशी गोळी मिळाली तर ती लढाईतली मानण्याआधी चांदमारीचा, म्हणजे नेमबाजीच्या सरावाचा, विचार करावा.

म्हणून गोळीपेक्षा जागा महत्त्वाची. मस्केटचा नेम शंभर पावलांपलीकडे भरवशाचा नव्हता. चपट्या आणि न उडालेल्या गोळ्या कुठे कुठे पडल्या याच्या नोंदीवरून रांगा कुठे उभ्या होत्या ते ताडता येतं. खिशात गोळा केलेल्या गोळ्यांवरून नाही. दौलताबादसारख्या संरक्षित ठिकाणी परवानगीशिवाय खोदायला 1958 च्या कायद्याने बंदी आहे. स्वतःच्या शेतात गोळी दिसली तर उचलण्याआधी फोटो, गट क्रमांक, बांधापासूनचं अंतर आणि खोली लिहून ठेवावी. सोबत लोखंडी पोकळ गोळा दिसला तर त्याला हात न लावता पोलीस ठाण्याला कळवावं. आत दारू असू शकते.