शाळा सुटली असली तरी दहावी होता येतं: अर्ज कुठे करायचा, कागद कोणते लागतात

आमच्या वस्तीत फॉर्म भरायला येणाऱ्या बायका बहुतेक एकच प्रश्न घेऊन येतात : "माझी शाळा लवकर सुटली, आता कुठे घेतील का?" घेतात. मात्र कोणत्या दारावर जायचं ते आधी ठरवायला हवं, कारण तिथे मागतात ते कागद वेगवेगळे असतात.

अक्षरओळखच नसेल तर

वय 15 पूर्ण असलेल्या कुणालाही 'उल्लास' नवभारत साक्षरता कार्यक्रमात नाव नोंदवता येतं. केंद्र सरकारची ही योजना 2022 ते 2027 या काळासाठी आहे. जवळच्या जिल्हा परिषदेच्या किंवा नगरपालिकेच्या शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना सांगायचं, नोंदणी तिथेच होते. दाखला लागत नाही, फी नाही. शिकवायला स्वयंसेवक असतो, आणि तो घरातलाही चालतो. नववीतली नात आजीला शिकवते अशी घरं मी पाहिली आहेत, तिथे अभ्यास सगळ्यात नेटाने होतो.

शेवटी 150 गुणांची चाचणी असते. वाचन 50, लेखन 50, संख्याज्ञान 50, आणि प्रत्येक भागात 33 टक्के मिळवायचे. चाचणीला फोटो आणि एक ओळखपत्र न्यावं. जवळचं दिसत नसेल तर चष्मा आधी करून घ्या. अक्षर येत असूनही पेपर कोरा राहिलेला मी पाहिला आहे.

दहावीसाठी 17 नंबरचा फॉर्म

किमान पाचवी पास असाल तर राज्य मंडळाची दहावी खासगी विद्यार्थी म्हणून देता येते. बारावीसाठी अर्थातच दहावी पास हवी. फॉर्म मंडळाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन भरतात. लागतं ते एवढंच : शाळा सोडल्याचा मूळ दाखला, आधार कार्ड, पासपोर्ट फोटो. फॉर्ममध्ये जी शाळा संपर्क केंद्र म्हणून निवडाल तिथे छापील प्रत आणि कागद जमा करायचे. परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असली तरी नोंदणी आदल्या वर्षीच्या पावसाळ्यातच सुरू होते. दिवाळीनंतर चौकशीला गेलं तर विलंब शुल्क भरावं लागतं, नाहीतर वर्ष हुकतं.

17 नंबर म्हणजे फक्त नावनोंदणी, हे पक्कं लक्षात ठेवा. परीक्षेचा अर्ज त्यानंतर वेगळा भरायचा असतो, त्याच शाळेतून. नोंदणी झाली म्हणून निर्धास्त राहणारे हॉल तिकीट मागायला जातात तेव्हा त्यांना हे कळतं. तोंडी परीक्षा आणि प्रात्यक्षिकंही तिथेच होतात. म्हणून नावाजलेली शाळा निवडण्यापेक्षा पायी जाता येईल अशी निवडा.

दाखला आणि नाव

खरी अडचण इथे येते. दाखला हरवला असेल तर शेवटच्या शाळेत अर्ज करून द्वितीय प्रत घ्या, त्यासोबत प्रतिज्ञापत्र जोडावं लागतं. शाळेतला शिपाई "इतकं जुनं सापडत नाही" म्हणाला तर तोंडी उत्तरावर परतू नका. जनरल रजिस्टर, म्हणजे शाळेत घातलेल्या मुलांची नोंदवही, शाळेला कायम जपून ठेवावं लागतं. शाळेत घातल्याचं साल आणि तेव्हाचं पूर्ण नाव चिठ्ठीवर लिहून द्या, पान लवकर सापडतं. शाळाच बंद पडली असेल तर तालुक्याच्या गटशिक्षणाधिकारी कार्यालयात विचारा.

लग्न झालेल्या बाईच्या दाखल्यावर माहेरचं नाव असतं, आधारवर सासरचं. फॉर्म दाखल्यावरच्या नावानेच भरा. जन्मतारीखही दाखल्यावरचीच. दोन्ही नावं एकाच बाईची आहेत हे दाखवायला विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र किंवा नावबदल छापलेल्या सरकारी राजपत्राची प्रत जवळ ठेवा. माहेरचं नाव पुन्हा लिहिताना हात थांबतो काहींचा, हे मी समोर बसून पाहिलं आहे. पण इथे एका अक्षराची चूक झाली तर पुढे गुणपत्रिका दुरुस्त करायला कितीतरी खेटे घालावे लागतात.

दाखला मिळतच नसेल तर

राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, माध्यमिकसाठी वय 14 पूर्ण मागते. आठवीचा कागद नसला तरी आपण या अभ्यासक्रमापुरतं शिकलो आहोत असं स्वयंघोषणापत्र चालतं, मात्र जन्मतारखेचा पुरावा हवाच. परीक्षा द्यायला पाच वर्षांत नऊ संधी मिळतात, एकेक विषय सोडवत गेलं तरी चालतं. मराठी माध्यम आहे. कामावर जाणाऱ्यांना मी हाच मार्ग सुचवते.

हाताला काम

शिवण, ब्युटी पार्लर, वायरिंग असं काही शिकायचं असेल तर आपल्या जिल्ह्यात जन शिक्षण संस्थान आहे का ते विचारा. मुंबईत 1967 साली सुरू झालेल्या श्रमिक विद्यापीठापासून ही योजना वाढली, आज ती केंद्राच्या कौशल्य विकास मंत्रालयाकडे आहे. वय साधारण 15 ते 45. निरक्षर, नवसाक्षर आणि अर्ध्यात शाळा सुटलेले यांच्यासाठीच ती आहे. संगणकासाठी एमएस-सीआयटी करता येतं, त्याला शिक्षणाची अट नाही.

आणि कोणताही ऑनलाइन फॉर्म भरायला बसण्याआधी आधारला कुणाचा मोबाइल नंबर जोडलाय ते पाहा. बऱ्याचदा तो पुण्याला कामाला गेलेल्या मुलाचा असतो, ओटीपी त्याच्याकडे जातो आणि मुलगा ड्युटीवर फोन उचलत नाही. त्याच्या सुट्टीच्या दिवशीच फॉर्म भरा.