त्सूक (जर्मन नाम)

त्सूक : जर्मन भाषेतील एक पुल्लिंगी नाम. लेखनात झेड, यू, जी ही तीन अक्षरे. ‘ओढणे’ या अर्थाच्या ‘त्सीएन’ या क्रियापदाशी ते निगडित असून मूळ अर्थ ‘ओढ, ओढण्याची क्रिया’ असा आहे. आज ‘आगगाडी’ हा अर्थ सर्वांत रूढ आहे.

उच्चार मराठी भाषकाला आयताच मिळतो. ‘चूक’ हा शब्द दंततालव्य च ठेवून म्हटला, की तोच हा उच्चार. शेवटचे अक्षर ग असले तरी जर्मनमध्ये शब्दान्ती त्याचा क होतो. इंग्रजीच्या सवयीने ‘झूग’ असे वाचणे ही नेहमीची चूक. अनेकवचनात मात्र अडते. ‘त्स्यूगे’ या रूपात ग पुन्हा घोष होतो आणि ऊच्या जागी वेगळाच स्वर येतो : जीभ ‘ई’च्या जागी ठेवायची आणि ओठ ‘ऊ’सारखे गोल करायचे. मराठीत ईपूर्वी च तालव्य होत असल्याने शिकणाऱ्याच्या तोंडी ‘च्यूगे’ येते. उत्तर जर्मनीत एकवचन ऱ्हस्व करून ‘त्सुख’ असेही ऐकू येते.

लिंगाची गफलत मराठीमुळेच होते. नामापुढे लागणारी ‘डेअर, डी, डास’ ही लिंगदर्शक उपपदे ‘तो, ती, ते’ अशी पटकन समजतात. पण गाडी ‘ती’ म्हणून ‘मिट डेअर त्सूक’ म्हटले जाते. ‘मिट’ (-ने, सह) नंतर चतुर्थी विभक्ती लागते. तीत स्त्रीलिंगी ‘डी’चे ‘डेअर’ होते, तर पुल्लिंगी ‘डेअर’चे ‘डेम’. म्हणून ‘मिट डेम त्सूक’ (गाडीने) हेच बरोबर. गोंधळात भर पडते ती ‘बान’ या स्त्रीलिंगी शब्दाने. रेल्वेने जाण्याला ‘मिट डेअर बान’ म्हणतात आणि तेथे ‘डेअर’ योग्यच असते. गाडीत चढताना ‘इन डेन त्सूक’ (द्वितीया), गाडीत बसलेले असताना ‘इम त्सूक’ (चतुर्थी).

व्युत्पत्ती : प्राचीन उच्च जर्मनमध्ये ‘त्सुग’ असे रूप आढळते. लॅटिन ‘दूकेरे’ (नेणे) व इंग्रजी ‘टग’, ‘टो’ हे शब्द याच धातुकुलातील मानले जातात : मूळ द चा जर्मानिक शाखेत त आणि उच्च जर्मनमध्ये त्स झाला. ‘हेर्त्सोग’ (सेना नेणारा, पुढे ड्यूक) आणि ‘त्स्यूगेल’ (लगाम) हेही त्याचे भाऊबंद. क्रियापदाच्या ‘त्सीएन – त्सोग – गेत्सोगेन’ या रूपांत मध्येच उपटणारा ग अनियमित वाटतो. तो जर्मानिक भाषांतील जुन्या आघातभेदामुळे झालेला व्यंजनविकार असून व्हेर्नरच्या नियमाने स्पष्ट होतो.

‘आगगाडी’ हा अर्थ कसा आला, याबद्दल दोन मते आहेत. एका मते तो इंग्रजी ‘ट्रेन’चा अनुवाद, दुसऱ्या मते ‘एकामागे एक चाललेली रांग, तांडा’ या जुन्या जर्मन अर्थाचा विस्तार. न्युर्नबर्ग ते फ्युर्थ हा जर्मनीतील पहिला वाफेचा लोहमार्ग ७ डिसेंबर १८३५ रोजी सुरू झाला, पण त्यावर घोडेही डबे ओढत असत. ‘ओढ’ तेथे शब्दशः होती. हा पुरावा निर्णायक नव्हे. तरी जमीन घरची आणि बी इंग्रजीचे, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते. ‘ट्रेन’च्या मुळाशीही ओढण्याचाच अर्थ असल्याने अनुवादाला अडचण नव्हती.

इतर अर्थ ओढण्यातूनच फुटले आहेत : सिगारेटचा झुरका, पाण्याचा घोट, दाराखिडकीतून येणारा वाऱ्याचा झोत, चेहऱ्याची ठेवण, पक्ष्यांचे स्थलांतर, सैन्याची तुकडी, मिरवणूक. कोलोनची कार्निव्हल मिरवणूक (१८२३ पासून) हीही त्सूकच. स्थानिक बोलीत ‘त्सोख’. बुद्धिबळातील खेळी हा अर्थ ‘त्सूकत्स्वांग’मुळे जगभर गेला : कोणतीही खेळी केली तरी नुकसान, पण खेळावे तर लागतेच, अशी स्थिती. जर्मन दिवाणी संहितेत ‘त्सूक उम त्सूक’ म्हणजे या हाताने द्यावे, त्या हाताने घ्यावे अशी परिपूर्ती. ‘गाडी सुटली’ असे म्हटले, की संधी गेली.

उपसर्ग लागले की अर्थ दूर जातो : ‘आनत्सूक’ (सूट), ‘आउफत्सूक’ (लिफ्ट), ‘उमत्सूक’ (घर बदलणे, तसेच मिरवणूक).

स्वित्झर्लंडमधील याच नावाच्या शहराचे नाव तळ्यातून मासेमारीची जाळी ओढण्याच्या हक्कावरून आले, असे सामान्यतः मानतात. तेथे जाणारी गाडी ‘त्सूक नाख त्सूक’ होते.