कॉम्प्युटरबरोबर कोण कोण उठतं : स्टार्टअपच्या यादीची पार्श्वभूमी

नागपुरात महालातल्या एका डीटीपीच्या दुकानात विंडोज एक्सपीचा कॉम्प्युटर अजून चालतो. सकाळी बटण दाबलं की थोड्या वेळानं ती ओळखीची हिरवी टेकडी येते आणि तिच्या मधोमध एक बॉक्स : 'एससीव्हीहोस्ट डॉट ईएक्सई' ही फाइल सापडत नाही. ऑपरेटर न वाचताच ओके दाबतो आणि लग्नपत्रिकेला लागतो. कधीपासून येतं हे, विचारलं तर म्हणाला, "ते त येतेच जी रोज. ओके मारलं का झालं."

तो बॉक्स म्हणजे मेलेल्या व्हायरसची हजेरी. फाइल अँटिव्हायरसनं केव्हाच उडवली आहे. पण कॉम्प्युटर सुरू होताना कुणाकुणाला उठवायचं, त्या नोंदीतलं तिचं नाव कुणी खोडलं नाही, म्हणून विंडोज रोज इमानदारीनं तिला हाक मारतं. जुनं मशीन रडत-रखडत का सुरू होतं आणि काढलेलं मालवेअर (व्हायरससारखं घातक सॉफ्टवेअर) परत का येतं, या दोन तक्रारींची मुळं याच नोंदींत आहेत.

विंडोजच्या आधीच्या डॉसच्या काळात ही यादी उघड्यावर होती. ऑटोएक्झेक डॉट बॅट नावाची एक साधी मजकुराची फाइल, तिच्यात ओळीखाली ओळ. माऊसचा ड्रायव्हर हवा, लिहा ओळ. नको, खोडा ओळ. वाचता येणाऱ्या कुणालाही आपल्या मशीनवर काय चालतं ते दिसायचं. अर्थात चोरवाट तेव्हाही होती. १९८६ साली लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला 'ब्रेन' हा व्हायरस फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्येच (सुरू होताना मशीन सगळ्यात आधी वाचतं त्या भागात) बसायचा, म्हणजे डॉसला जाग येण्याआधी हा उठलेला. सगळ्यांच्या आधी उठायचं, ही कल्पना तितकी जुनी आहे.

पुढे १९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये स्टार्टअप नावाचा ग्रुप आला, आणि विन डॉट आयएनआय या फाइलीत 'लोड' आणि 'रन' अशा दोन ओळी होत्याच. खरा बदल केला तो २४ ऑगस्ट १९९५ ला आलेल्या विंडोज ९५ नं. स्टार्ट मेनूत स्टार्टअपचं फोल्डर दिलं ते दाखवायला. खरी यादी गेली रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सगळ्या सेटिंगांच्या एकत्र वहीत, 'रन' नावाच्या किल्लीखाली (कप्प्यात). मायक्रोसॉफ्टचं कारण चुकीचं नव्हतं. प्रत्येक प्रोग्रामची वेगळी आयएनआय फाइल, त्यांचा नुसता पसारा झाला होता. पण यादी माजघरातून उचलून माळ्यावर टाकली आणि शिडी फक्त मेकॅनिककडे राहिली, असं माझं मत आहे.

माळ्यावर पहिले चढले ते चोर नव्हते, ओळखीचे पाहुणे होते. रिअल प्लेअर, क्विकटाइम, ऑफिस, अ‍ॅक्रोबॅट रीडर, जावा, प्रत्येकानं आपला एक माणूस रनच्या यादीत बसवला. कुणी अपडेट शोधायला, कुणी नुसतं आपलं सॉफ्टवेअर झटकन उघडतंय असं दिसावं म्हणून. रीडरच्या त्या तुकड्याचं नावच 'स्पीड लाँचर' होतं. म्हणजे पीडीएफ लवकर उघडायची आणि त्याचा वेळ सकाळी कॉम्प्युटर सुरू होताना वसूल व्हायचा. १२८ एमबी रॅमच्या मशीनवर असे आठ-दहा जण एकदम उठले की हार्ड डिस्कचा लाल दिवा विझतच नसे. "व्हायरस आला वाटते" म्हणून आणलेल्या मशीनमध्ये पुष्कळदा व्हायरस नसायचाच, ही पाहुणेमंडळी असायची.

मालवेअर लिहिणाऱ्यांनी तीच वाट धरली. मे २००० मधल्या 'आय लव्ह यू' नं रनमध्ये स्वतःचं नाव लिहिलं 'एमएसकर्नल३२'. ऑगस्ट २००३ मध्ये आलेल्या ब्लास्टरनं तर 'विंडोज ऑटो अपडेट' असं नाव घेतलं. त्यामागची फाइल होती एमएसब्लास्ट. हा किडा शिरला की ६० सेकंदांचा काटा लागायचा आणि मशीन बंद. त्यात वाईट हे की ज्या फटीतून तो शिरत होता, ती बुजवणारा पॅच महिनाभर आधी, जुलैमध्येच निघाला होता. ज्यांचं नेट तासावर मोजलं जायचं, त्यांनी तो कुठून उतरवावा?

यादी वाचायची अवजारंही हळूहळू आली. विंडोज ९८ बरोबर एमएसकॉन्फिग आलं : स्टार्ट, रन, एमएसकॉन्फिग, स्टार्टअपचा टॅब, नको त्याची टिक काढा. विंडोज २००० मध्ये ते दिलंच नाही, मग लोक एक्सपीतून उचलून तिथे टाकायचे. मेरिजन बेलेकॉम या डच तरुणाचं हायजॅकधिस, आणि मार्क रुसिनोविच व ब्राइस कॉग्जवेल यांचं ऑटोरन्स ही त्याच्या पुढची. ऑटोरन्स उघडलं की माणूस हबकतो, कारण यादी एक नसून कितीतरी असतात : रन, रनवन्स, सर्व्हिसेस, ठरलेल्या वेळेची कामं, विनलॉगऑन (लॉगिनचं काम बघणारा विंडोजचा भाग). एमएसकॉन्फिगचा स्टार्टअप टॅब यातला थोडाच भाग दाखवतो. एक सावधगिरी : 'सीटीएफमॉन' हे नाव ओळखीचं नाही म्हणून कित्येकांनी त्याची टिक काढली आणि भाषा बदलायची पट्टीच गेली. विंडोजमधलं मराठी सुरू केलं होतं त्यांना टाइप करता येईना.

नागपूरच्या बाबतीत खरी कहाणी पेन ड्राइव्हची. एमएस-सीआयटीचा क्लास, सायबर कॅफे, कॉलेजची लॅब आणि डीटीपीचं दुकान, एकच पेन ड्राइव्ह दिवसात चारही ठिकाणी लागायचा. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन आलं की मोर्च्यांची निवेदनं, फलक, पत्रकं घेऊन विदर्भभरातून माणसं, आणि प्रत्येकाच्या खिशातून निघणारा पेन ड्राइव्ह. त्या वर्षांत गाजला तो 'न्यू फोल्डर' व्हायरस. विंडोज फाइलच्या नावाचं शेपूट लपवून ठेवतं, हे त्यानं बरोबर हेरलं. आयकॉन पिवळ्या फोल्डरचा, नाव न्यू फोल्डर, आणि प्रत्यक्षात ईएक्सई. उघडायला डबल क्लिक केलं की बसला. मग टास्क मॅनेजर बंद, फोल्डर ऑप्शन्स गायब, रजिस्ट्री उघडायला मनाई.

त्याच कुळातला एससीव्हीहोस्ट. विंडोजची स्वतःची फाइल आहे एसव्हीसीहोस्ट. यानं मधली दोन अक्षरं उलटी केली. रनमध्ये नाव लिहिलं 'याहू मेसेंजर', तेही स्पेलिंगमध्ये एक 'जी' जादा घालून. आणि एवढ्यावर न थांबता विनलॉगऑनच्या 'शेल' या नोंदीत, जिथे नुसतं 'एक्सप्लोरर डॉट ईएक्सई' असायला हवं, तिथे त्याच्या पुढे आपलं नाव जोडून टाकलं. ही जागा फार हुशारीची. सेफ मोडमध्ये, म्हणजे बिघाड शोधायला कमीत कमी गोष्टी घेऊन सुरू होताना, विंडोज रनची यादी वाचत नाही, पण डेस्कटॉप दाखवायला शेलची नोंद तिथेही वाचावीच लागते.

नोव्हेंबर २००८ मध्ये कॉन्फिकर आला. पेन ड्राइव्ह लावल्यावर येणाऱ्या खिडकीत त्यानं फोल्डरच्या चित्रासकट 'फाइल्स पाहा' असा खोटा पर्याय घुसवला. विंडोज ७ मध्ये पेन ड्राइव्हवरचं ऑटोरन (लावताच त्यातला प्रोग्राम आपोआप पुढे येणं) बंद झालं, आणि फेब्रुवारी २०११ मध्ये एक्सपी-व्हिस्टालाही तो बदल अपडेटमधून मिळाला. अपडेट लागलेल्या मशीनला, अर्थात. त्यावर उत्तर म्हणून शॉर्टकट व्हायरस बोकाळले : खरी फोल्डरं लपवायची आणि त्यांच्या जागी त्याच नावाचे शॉर्टकट ठेवायचे.

अँटिव्हायरस होते. पुण्याच्या कैलास आणि संजय काटकर या भावांचं क्विक हील दुकानादुकानांत पोहोचलं होतं. (व्हायरसच्या इतिहासात भावांच्या जोड्या फार.) पण अँटिव्हायरस फाइल मारतो, तिनं केलेल्या नोंदी तो दर वेळी पूर्ववत करेलच असं नाही. ते काम चिकाटीचं, आणि गिऱ्हाईक तासाभराच्या चिकाटीचे पैसे देत नाही. म्हणून बहुतेक मेकॅनिकांचं औषध एकच : "फॉरमॅट मारून देतो." माझ्याही एका मशीनवर असं एकानं मारून दिलं, डी ड्राइव्हसकट.

डीटीपीवाल्यांना फॉरमॅट परवडत नाही. श्रीलिपी या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरचं लॉक (ज्याच्याशिवाय ते चालत नाही) जुन्या प्रिंटरच्या पॅरलल पोर्टला लावलेलं, पानं लावायच्या पेजमेकरच्या फाइली वर्षानुवर्षांच्या, आणि त्यातलं मराठी युनिकोडच्या आधीचं, म्हणजे तो फॉन्ट नसेल तर नुसती खिचडी. नव्या मशीनला पॅरलल पोर्टच नसतो. एक्सपीला ८ एप्रिल २०१४ पासून, विंडोज ७ ला १४ जानेवारी २०२० पासून आणि विंडोज १० ला १४ ऑक्टोबर २०२५ पासून नेहमीचा मोफत आधार बंद झाला. दरम्यान विंडोज ८ पासून स्टार्टअपची यादी टास्क मॅनेजरमध्ये आली आणि कोण किती भार टाकतो तेही समोर दिसू लागलं. महालातल्या मशीनपर्यंत यातलं काही पोहोचलं नाही. नेटची वायर काढून ठेवली आहे, ते उत्तम.

त्या दुकानात मी आधी एमएसकॉन्फिग उघडलं. जादा 'जी'वाला याहू मेसेंजर होता, त्याची टिक काढली. "कायले काढता? काम त चालू आहे ना," ऑपरेटर म्हणाला. मशीन परत सुरू केलं तर एससीव्हीहोस्टचा बॉक्स जसाच्या तसा, कारण तो शेलच्या नोंदीतून येत होता. मग रजिस्ट्रीत विनलॉगऑनपर्यंत उतरून एक्सप्लोररच्या पुढचं नाव खोडलं. इथे हात सावरून चालवावा लागतो. चुकून एक्सप्लोररच खोडलं तर डेस्कटॉप यायचा नाही.

पुन्हा सुरू केलं. जुना बॉक्स गेला. त्याच्या जागी दुसरा आला : तुम्ही विंडोज सुरू होण्याच्या पद्धतीत बदल केला आहे, असं सांगणारा एमएसकॉन्फिगचा स्वतःचा. हा रोज यायचा नसेल तर त्यात एक चौकोन असतो, त्यावर टिक करायची. मी ते सांगेपर्यंत ऑपरेटरनं ओके मारलं होतं.