डेल्टा १८ आणि मोठा डेल्टा १७: एकाच दगडातले दोन वेगळे आकडे

२५ ऑगस्ट १८६५ रोजी बिहारमधल्या शेरघाटीला आकाशातून एक दगड पडला. तो मंगळावरचा आहे हे आज आपल्याला माहीत आहे. खडकातल्या ऑक्सिजनचे अणू तीन वजनांचे असतात: नेहमीचा १६, आणि त्याहून जड व दुर्मीळ १७ व १८. त्यांच्या प्रमाणावरून डेल्टा १८ आणि मोठा डेल्टा १७ हे दोन आकडे काढतात. पण या दगडाचा नुसता डेल्टा १८ पाहिला तर तो दर हजारी ५ च्या आसपास भरतो, म्हणजे पृथ्वीवरच्या कुठल्याही बेसाल्टमध्ये (लाव्हा थिजून झालेल्या काळ्या खडकात) सहज खपून जाईल असा. तो परका आहे हे कळतं मोठ्या डेल्टा १७ वरून. आपल्या खडकांत तो शून्याजवळ असतो, इथे मात्र दर हजारी सुमारे ०.३ निघतो.

डेल्टा १८ म्हणजे प्रमाण मानलेल्या समुद्राच्या पाण्यापेक्षा जड ऑक्सिजन १८ चं १६ शी प्रमाण दर हजारी किती जास्त किंवा कमी आहे, तो आकडा. खडकावर काय काय गुदरलं ते तो सांगतो. प्रावरणातल्या (पृथ्वीच्या कवचाखालच्या थरातल्या) ऑलिव्हिन या खनिजात तो ५ च्या थोडा वर असतो. समुद्रतळाच्या थंड पाण्यात तयार झालेल्या चर्ट या गारगोटीसारख्या खडकात ३० च्याही पुढे जातो.

मोठा डेल्टा १७ थेट मोजला जात नाही, ती वजाबाकी आहे. तापमान असो की बाष्पीभवन, वजनानुसार अणू वेगळे करणारी क्रिया ऑक्सिजन १८ चं प्रमाण जितकं हलवते, त्याच्या साधारण ०.५२ पट १७ चं हलवते; या ०.५२ ला उतार म्हणतात. तेवढा अपेक्षित भाग वजा केला की जे उरतं ते खडकाचं मूळ घराणं दाखवतं. म्हणून डेल्टा १८ वरून मूळ ग्रह ठरवणं, किंवा मोठ्या डेल्टा १७ वरून मॅग्माचं तापमान काढायला जाणं, दोन्ही चूक.

मोजणीतही फरक पडतो. डेल्टा १८ साठी ऑक्सिजनचा कार्बन डायऑक्साइड करून चालतं. १७ साठी ते जमत नाही, कारण कार्बन १३ असलेला आणि ऑक्सिजन १७ असलेला कार्बन डायऑक्साइड, दोघांचंही वस्तुमान ४५ भरतं आणि ते एकत्र मोजले जातात. मग ऑक्सिजन वायूच मोजावा लागतो. उदाहरणार्थ, गार्नेट या खनिजाचा दोनेक मिलिग्रॅमचा कण ब्रोमिन पेंटाफ्लोराइड या ऑक्सिजन सोडवणाऱ्या रसायनात ठेवून लेझरने तापवतात. कण वितळतो आणि ऑक्सिजन सुटतो. खरी कसोटी पुढे लागते. नायट्रोजनचा जरासा अंश राहिला तरी नायट्रोजन ट्रायफ्लोराइड बनतो आणि मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये (वस्तुमानानुसार कण मोजणाऱ्या यंत्रात) त्याचा एक तुकडा नेमका ३३ वस्तुमानावर, म्हणजे १६ आणि १७ मिळून झालेल्या ऑक्सिजन रेणूच्याच जागी येऊन बसतो. म्हणून मोजण्याआधी वायू मॉलिक्युलर सीव्हमधून (रेणू वेगळे करणाऱ्या सूक्ष्म छिद्रांच्या चाळणीतून) नीट गाळून घ्यावाच लागतो.

एवढा आटापिटा कशासाठी, तर चंद्रासाठी. चंद्र आणि पृथ्वी यांच्या मोठ्या डेल्टा १७ मध्ये दशलक्षांश १२ चा फरक असल्याचं २०१४ मध्ये एका गटाने मांडलं. २०१६ मध्ये दुसऱ्या गटाला फरक सापडलाच नाही. आता हिशेब करा: डेल्टा १८ जर १० असेल आणि वजाबाकीत ०.५२ ऐवजी ०.५२८ घेतलं, तर उत्तर दशलक्षांश ८० ने सरकतं. त्यामुळे ज्या तक्त्यात मोठा डेल्टा १७ आहे पण कोणता उतार वापरला ते लिहिलेलं नाही, त्यातले आकडे दुसऱ्या प्रयोगशाळेच्या आकड्यांशेजारी मांडू नयेत.