थीसियस आणि मिनोटॉर (बारीचे ब्राँझशिल्प)

थीसियस आणि मिनोटॉर : फ्रेंच प्राणिशिल्पकार आंत्वान ल्वी बारी (१७९५–१८७५) याचे ब्राँझमधील गाजलेले शिल्प. मूळ घडण १८४३ ची. उंची जेमतेम ४५ सेंमी.च्या आसपास, म्हणजे टेबलावर ठेवता येईल एवढी. छायाचित्रात मात्र ते पुरुषभर उंचीचे वाटते. जन्मभर वाघ-सिंह घडवणाऱ्या कलावंताने ग्रीक पुराणकथेतला अर्धा माणूस, अर्धा बैल असा राक्षस कसा घडवला, हे पाहण्यासारखे आहे.

कथा क्रीट बेटावरची आहे. समुद्रदेव पोसायडनने बळीसाठी पाठवलेला शुभ्र बैल राजा मायनॉसने बळी न देता स्वतःकडेच ठेवला. त्या अपराधाची शिक्षा म्हणून राणी पासिफाई त्या बैलावर आसक्त झाली आणि तिच्या पोटी मिनोटॉर जन्मला : धड माणसाचे, डोके बैलाचे. कुशल कारागीर डेडलस याने बांधलेल्या चक्रव्यूहात त्याला कोंडून ठेवले गेले. अथेन्सने त्याच्या भक्ष्यासाठी सात तरुण आणि सात तरुणी पाठवायच्या, असा दंडक होता. अथेन्सचा राजपुत्र थीसियस स्वतःहून त्यांच्यात सामील झाला आणि राजकन्या आरिआड्नीने दिलेल्या दोऱ्याच्या आधाराने आत शिरून त्याने मिनोटॉरला मारले.

बारीने निवडलेला क्षण घाव बसण्याच्या आधीचा आहे. मिनोटॉर थीसियसच्या अंगाशी भिडला आहे. त्याने नायकाच्या पायात पाय अडकवला आहे, पाठीचा आणि मांड्यांचा प्रत्येक स्नायू ताणला गेला आहे. थीसियस मात्र ताठ उभा आहे. एका हाताने त्याने ते बैलाचे डोके धरले आहे आणि दुसऱ्या हातातली आखूड तलवार त्यावर रोखली आहे. त्याच्या चेहऱ्यावर राग नाही की आवेश नाही. सरळ नाक, मिटलेले ओठ आणि स्थिर नजर असलेला हा चेहरा एजिना बेटावरील अफेया मंदिराच्या प्राचीन शिल्पांची आठवण करून देतो. सारी धडपड पशूच्या वाट्याला आणि सारी शांतता माणसाच्या वाट्याला, अशी ही वाटणी आहे. शिल्पाचे बळ या वाटणीत आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. इटालियन शिल्पकार कानोव्हा याने १७८१–८२ मध्ये हाच विषय संगमरवरात घडवला होता. त्याचा थीसियस मेलेल्या मिनोटॉरवर बसून विसावला आहे. कानोव्हाच्या शिल्पात सर्व काही संपलेले आहे, बारीच्या शिल्पात मात्र निकाल ठरला असूनही तो अजून लागायचा आहे.

असा मिनोटॉर घडवायला लागणारी तयारी बारीने अनेक वर्षे केली होती. बाप सोनार, तो स्वतः कोवळ्या वयात धातूवर कोरीवकाम शिकला आणि पुढे नेपोलियनचा सुवर्णकार बिएने याच्याकडे राबला. नंतर बोसियो या शिल्पकाराकडे आणि ग्रो या चित्रकाराकडे शिक्षण झाले, पण मानाचे ‘प्री द रोम’ पारितोषिक अखेरपर्यंत मिळाले नाही. त्याची खरी शाळा पॅरिसमधल्या ‘जार्दां दे प्लांत’ या वनस्पतिउद्यानातील प्राणिसंग्रहालयात भरली. तेथे तो जिवंत जनावरे न्याहाळी आणि मेलेल्यांची मोजमापे घेई. चित्रकार दलाक्रवा त्याच्यासोबत असे. सिंह मेला आहे, धावत ये, अशा आशयाची दलाक्रवाने त्याला पाठवलेली चिठ्ठी प्रसिद्ध आहे. १८३१ च्या ‘सालों’ या पॅरिसमधील अधिकृत कलाप्रदर्शनात त्याने मांडलेल्या शिल्पात वाघ गंगेतल्या घडियालाला फाडताना दिसतो. हे दोन्ही प्राणी आपल्याकडचे, आणि बारी भारतात कधी आला नव्हता. १८३३ मध्ये सापाला पंजाखाली दाबणाऱ्या सिंहाने त्याचे नाव घरोघरी पोहोचवले. पुढे हा सिंह त्विलेरी बागेत उभा राहिला.

तरीही ‘आनिमालिये’, म्हणजे जनावरे घडवणारा, हा शब्द त्या काळी हिणवण्यासाठी वापरला जाई. फ्रान्सच्या कला-अकादमीच्या उतरंडीत पुराण आणि इतिहासातली मानवी आकृती वर, जनावर खाली. १८३७ मध्ये ऑर्लेआंच्या ड्यूकसाठी केलेल्या शिकारीच्या शिल्पांचा संच सालोंच्या परीक्षकांनी नाकारला. मेजवानीच्या टेबलावरची शोभा हे सोनारकाम, शिल्पकला नव्हे, असा त्यांचा आक्षेप होता. त्या संचातल्या मधल्या शिल्पात हत्तीवर बसलेले भारतीय शिकारी वाघांशी झुंजत होते. या नकारानंतर सुमारे तेरा वर्षे बारीने सालोंकडे पाठ फिरवली. ‘थीसियस आणि मिनोटॉर’ याच दुराव्याच्या काळातले. विषय अकादमीला प्रिय असा पुराणातला, नायक निर्दोष ग्रीक, आणि त्याला भिडलेला पशू जनावरांच्या हाडामांसाची खडान्‌खडा माहिती असलेल्या हातांनी घडवलेला. दोन दर्जांमधली भिंत इथे आपोआप पडते.

ओतकामाकडेही लक्ष द्यायला हवे. बारी लहान शिल्पे स्वतःच्या देखरेखीखाली ओतून घेई आणि विकत असे. आधी एक निर्दोष ब्राँझ प्रत तयार केली जाई. ही मूळ प्रत बारीक, दाबून बसवलेल्या वाळूत ठेवून साचा घेतला जाई, सुटे भाग ओतून जोडले जात, मग छिन्नी आणि कानशीने सफाई होई. शेवटी रसायनांनी पृष्ठभागाला रंग, म्हणजे पॅटिना, चढवला जाई. बारीची हिरवट, खोल पॅटिना जाणकार चटकन ओळखतात. धंदा मात्र त्याला जमला नाही. १८४८ मध्ये तो कर्जात बुडाला, आणि १८५७ पर्यंत त्याचे मूळ नमुनेही भागीदार एमिल मार्तांच्या ताब्यात राहिले. मान मिळायला उशीर झाला : १८५४ पासून त्याने प्राणिचित्रणाचे अध्यापन केले (पुढे नावाजलेला शिल्पकार रोदां तरुणपणी त्याच्या विद्यार्थ्यांत होता), १८५५ च्या जागतिक प्रदर्शनात मोठे सुवर्णपदक मिळाले आणि १८६८ मध्ये अकादमीचे दार उघडले.

थीसियसला त्याने पुन्हाही हाती घेतले. ‘थीसियस आणि सेंटॉर बियानोर’ हे अधिक आक्रमक शिल्प त्याने १८५० च्या सालोंमध्ये मांडले. सेंटॉर म्हणजे अर्धा माणूस, अर्धा घोडा. तिथे नायक त्याच्या घोड्याच्या अंगावर चढून गदा उगारतो. या शिल्पाची मोठी प्रत पॅरिसमध्ये सेन नदीकाठी, सां-ल्वी बेटावर, १८९४ मध्ये उभारलेल्या बारीच्या स्मारकाच्या शिरोभागी बसवली होती. दुसऱ्या महायुद्धात जर्मन ताब्यातील पॅरिसमध्ये ती वितळवण्यासाठी काढून नेली गेली.

मिनोटॉरच्या प्रती मात्र जगभर विखुरल्या आहेत. बाल्टिमोरचे संग्राहक विल्यम वॉल्टर्स बारीचे मोठे चाहते होते, त्यामुळे त्याच्या कामाचा फार मोठा साठा त्या शहरात आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातही या शिल्पाची प्रत आहे. बारीच्या निधनानंतर १८७६ मध्ये त्याच्या नमुन्यांचा लिलाव झाला आणि बार्बेदिएन या ओतारी कंपनीने अनेक नमुने घेऊन पुढे कित्येक वर्षे प्रती काढल्या. बैठकीवर बार्बेदिएनचे नाव कोरलेले दिसले तर ती प्रत बहुधा शिल्पकाराच्या मृत्यूनंतरची. अशा प्रतीतही ओढाताण तशीच दिसते, पण बारीच्या हयातीतल्या चांगल्या प्रतीत मिनोटॉरच्या मानेवरचे केस आणि पाठीवरच्या त्वचेच्या घड्या बोटाने चाचपता येतील इतक्या स्पष्ट असतात.