रेडशर्टचा अर्जच नसतो, मग मुलं अडतात कुठे?

‘रेडशर्टचा फॉर्म कुठे मिळतो?’ टेक्सास, न्यू जर्सीकडच्या मराठी पालकांचा हा ठरलेला प्रश्न. असा फॉर्मच नाही. अमेरिकन फुटबॉलमध्ये कॉलेजात नव्याने आलेल्या मुलाला कोच बऱ्याचदा सामन्यात न उतरवता वर्षभर सरावातच ठेवतात, यालाच रेडशर्ट म्हणतात. तो ताकद कमावतो, डावपेच पाठ करतो, शिष्यवृत्ती असेल तर ती चालू राहते आणि खेळण्याचा एक हंगाम शिल्लक राहतो. हंगाम संपल्यावर कॉलेजचं कंप्लायन्स ऑफिस (खेळाचे नियम पाळले जातात का हे बघणारा विभाग) त्याचे सामने मोजतं, एवढीच प्रक्रिया. मुलगा बसवला म्हणून घरी सुतक धरू नका. टेक्सास ए अँड एमचा जॉनी मॅन्झिएल २०११ मध्ये असाच बसून होता आणि २०१२ मध्ये त्याने हाइजमन ट्रॉफी, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार, जिंकली.

पुढचे नियम एनसीएए या कॉलेज-खेळांच्या संघटनेच्या सर्वांत वरच्या गटाचे, डिव्हिजन वनचे आहेत, २०२५ च्या हंगामापर्यंत लागू असलेले. पात्रतेच्या नियमांवर सध्या कोर्टकचेऱ्या चालू आहेत, त्यामुळे निर्णय घेण्याआधी कंप्लायन्स ऑफिसकडून ताजा नियम लेखी मागवा.

खेळाडूला चार हंगाम मिळतात. २०१८ पासून फुटबॉलमध्ये एका हंगामात चारपर्यंत सामने खेळले तरी तो हंगाम खर्ची पडत नाही. त्याआधी एका चेंडूपुरतं मैदानात उतरलं तरी वर्ष गेलं असं धरत. आता पाचवा सामना ही लक्ष्मणरेषा. किकऑफच्या (खेळ सुरू करणाऱ्या किकच्या) तुकडीतून एकदाच धावत गेला तरी तो सामना मोजला जातो. पूर्ण पोशाख चढवून कडेला उभा राहिला तर नाही. शेवटच्या आठवड्यात कोणी जखमी झालं की याच मुलांना हाक मारली जाते. म्हणून मुलाने स्वतःचा हिशेब वहीत ठेवावा आणि पाचव्यांदा उतरण्याआधी कोचला स्पष्ट विचारावं. क्लेमसन विद्यापीठाचा क्वार्टरबॅक (डाव चालवणारा खेळाडू) केली ब्रायंट २०१८ मध्ये चार सामन्यांनंतर संघ सोडून गेला, त्यामुळे त्याचा हा हंगाम वाचला.

सगळ्यात जास्त गैरसमज पाच वर्षांच्या मुदतीबद्दल आहे. चार हंगाम पाच वर्षांत खेळून संपवायचे असतात आणि हे घड्याळ रेडशर्टच्या वर्षातही चालूच राहतं. मुलगा पूर्णवेळ विद्यार्थी म्हणून पहिल्यांदा वर्गात बसला की ते सुरू होतं, मग त्या कॉलेजात फुटबॉल असो वा नसो. कॉलेज अमेरिकेतलंच असायला हवं असंही नाही. पुण्यात इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेऊन वर्गात बसलेल्या मुलाचं घड्याळ तिथेच चालू झालं. हे वर्ष पात्रतेच्या अर्जात लपवू नका. उघडकीला आलं की पात्रता जाते, आणि ते येतंच.

आता दुखापत. चार किंवा कमी सामने खेळलेल्या फुटबॉलपटूला हंगाम वाचवायला वेगळ्या वैद्यकीय सवलतीची गरजच उरत नाही, तरी लोक त्यामागे धावतात. वैद्यकीय कागद खरे लागतात ते सहाव्या वर्षासाठी. मुदतवाढ मागताना साधारणपणे दोन हंगाम आपल्या हाताबाहेरच्या कारणाने बुडाले हे दाखवावं लागतं. कोचने स्वतःहून बसवलेलं वर्ष सहसा त्यात धरत नाहीत. मात्र त्या वर्षी मुलगा खरोखर जखमी असेल, तर ते त्याच वेळी कागदावर आलेलं बरं. खेळणारच नव्हता, म्हणून कोणी डॉक्टरकडे नेतच नाही. ट्रेनर बर्फ लावतो, गुडघ्याला पट्टी बांधतो, एमआरआय डिसेंबरात होतो आणि तीन वर्षांनी कागद मागितला की हातात काहीच नसतं. नंतर आठवणीतून लिहून घेतलेलं प्रमाणपत्र चालत नाही. दुखापतीच्या वेळचीच तारीख, तपासणी, निदान आणि ‘या हंगामात खेळू शकणार नाही’ हे डॉक्टरांचं वाक्य हवं. त्याची प्रत घरी ठेवा. मुदतवाढीचा अर्ज कॉलेजच करतं, पालकांना तो थेट पाठवता येत नाही.

प्रवेशाच्या वेळची पात्रता एनसीएएचं एलिजिबिलिटी सेंटर ठरवतं. ऑनलाइन नोंदणी सोपी आहे. हायस्कूलचे १६ ठरावीक विषय आणि त्यांत किमान २.३ जीपीए (४ पैकी सरासरी गुणांक) लागतो. एसएटी-एसीटी या प्रवेश परीक्षांची अट २०२३ मध्ये काढली. मुलं अडतात ती एका पोटअटीत. १६ पैकी १० विषय शेवटचं वर्ष सुरू होण्याआधी पुरे हवेत आणि त्यांतले सात इंग्रजी, गणित, विज्ञानाचे. बारावीत सगळं भरून काढू म्हणणारा इथे फसतो. जीपीए २.० ते २.३ च्या मध्ये असेल, तर मिळतो तो ‘अकॅडमिक रेडशर्ट’: शिष्यवृत्ती आणि सराव आहे, पहिल्या वर्षी सामना नाही. पहिल्या सत्रात ठरलेली क्रेडिट्स (विषय पास झाल्यावर मिळणारे श्रेयांक) मिळाली नाहीत, तर पुढचा सरावही बंद.

महाराष्ट्रातून शिकून गेलेल्यांना अडवते ती नववीची गुणपत्रिका. दहावी-बारावीची प्रत्येकाने जपलेली असते, पण एलिजिबिलिटी सेंटरला नववीपासून प्रत्येक वर्षाचे गुण लागतात. शाळेतून शिक्क्यासह प्रत काढायला दोन-तीन खेपा होतात, तेव्हा आधीच सुरुवात करा. अकरावी-बारावीच्या दाखल्यावर ‘ज्युनिअर कॉलेज’ छापलेलं असतं. अमेरिकेत या नावाच्या संस्था बारावीनंतरच्या असतात. म्हणून अर्जात ती दोन वर्षं शालेय शिक्षणाची आहेत हे स्पष्ट लिहा, नाहीतर घड्याळाचा घोळ सुरुवातीलाच.

बसवलेल्या वर्षात अभ्यासाला सुट्टी नसते. तिसऱ्या वर्षात जाताना पदवीचा ४०, चौथ्यात ६० आणि पाचव्यात ८० टक्के भाग पुरा हवा. शाखा बदलली की जुनी क्रेडिट्स मोजणीतून गळू शकतात, म्हणून ती बदलण्याआधी अकॅडमिक ॲडव्हायजरला भेटा. हे कोणी आपणहून सांगत नाही, याचा संताप येतो.

आणखी एक. खेळाडूंनी मोबदल्यासाठी एनसीएएविरुद्ध लढलेल्या हाउस खटल्याच्या तडजोडीनंतर २०२५ पासून, ती स्वीकारलेल्या कॉलेजांच्या संघात १०५ खेळाडूंची मर्यादा आहे. पूर्वी शिष्यवृत्ती नसलेली कितीतरी मुलं वर्षानुवर्षं सरावात घडत. आता त्यांना जागा कमी. सही करण्याआधी कोचला विचारा: रेडशर्टच्या वर्षात मुलगा या १०५ मध्ये असेल का, आणि पुढच्या वर्षीही?