खापरखवल्या साप

यूरोपेल्टिडी कुलातील बिनविषारी, जमिनीखाली राहणारे लहान साप. हे कूळ जगात केवळ भारतीय द्वीपकल्प आणि श्रीलंका येथे आढळते. त्यातील जाती पन्नासाहून अधिक असून भारतातल्या बहुसंख्य जाती सह्याद्रीच्या पावसाळी डोंगरांत राहतात. डोंगराळ भागातील अनेक गावकऱ्यांनीही हा साप पाहिलेला नसतो. मात्र तो दिसत नाही म्हणून दुर्मिळच असेल असे नाही, कारण वर्षाचा बराच काळ तो ओलसर मातीत, कुजलेल्या पाल्याखाली किंवा दगडाखाली असतो.

डोके निमुळते, टोकदार आणि मानेपासून वेगळे न दिसणारे, डोळे बारीक. लांबी साधारण फूटभर किंवा त्याहून कमी. अंगाचे खवले गुळगुळीत असून उन्हात त्यांवर निळे-जांभळे रंग खेळतात. चिखलातून बाहेर आला तरी त्याचे अंग स्वच्छ असते, कारण खवल्यांच्या सूक्ष्म रचनेमुळे त्यांना माती धरत नाही. शेपटीचे मात्र नेमके उलटे. ती तिरकी छाटल्यासारखी आखूड असते आणि त्या छाटावरच्या खरखरीत, कंगोरेदार खवल्यांवर मातीचा थर बसतो. पाठलाग करणाऱ्या शत्रूसमोर बिळात या मातीचे बूच तयार होते.

बीळ खणण्याची त्याची पद्धत खास आहे. शरीराच्या पुढच्या भागात पाठीचा कणा कातडीच्या आतल्या आत नागमोडी वळतो. त्यामुळे तेवढा भाग फुगून बिळाच्या भिंतींत घट्ट रुततो, मग डोके पुढची माती रेटते आणि मागचे अंग ओढले जाते. प्राणिशास्त्रज्ञ कार्ल गॅन्स आणि सहकाऱ्यांनी १९७८ साली दाखवून दिले, की हे दमदार काम करणारे लाल स्नायू शरीराच्या पुढच्या भागातच एकवटलेले असतात. त्यांनी याला मालगाडीची उपमा दिली होती: इंजिन पुढे, डबे मागे.

खाद्य मुख्यतः गांडुळे. मादी अंडी न घालता पिलांना जन्म देते. एका वेळी साधारण तीन ते आठ. पावसाळ्यात माती पाण्याने भरली की हे साप वर येतात आणि घाटरस्त्यांवर गाड्यांखाली चिरडले जातात. त्यांची बरीचशी नोंद अशा मेलेल्या सापांवरूनच होते, ही खेदाची गोष्ट. हातात घेतला तरी तो चावत नाही; बोटांना वेटोळे घालून फटीत डोके खुपसू पाहतो. तरीही मांडूळ किंवा विषारी साप समजून त्याला मारले जाते. वाळा (गांडुळासारखा दिसणारा छोटा साप) आणि देवगांडूळ यांच्याशीही त्याची गल्लत होते. पैकी देवगांडूळ तर साप नसून उभयचर आहे.

महाराष्ट्रातील जातींपैकी फिप्सनचा खापरखवल्या (यूरोपेल्टिस फिप्सोनी) १८८८ साली वर्णिला गेला. त्याचे नाव बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या एच. एम. फिप्सन यांच्यावरून आहे. मोठ्या खवल्यांच्या यूरोपेल्टिस मॅक्रोलेपिस या जातीत खवल्यांच्या ओळी १७ ऐवजी १५ असतात. तिची महाबळेश्वरी उपजाती १९५५ साली चारी या अभ्यासकाने वर्णिली. काळसर अंगाच्या बाजूंवर पिवळे ठिपके ही तिची खूण. याच कुलातील मेलॅनोफिडियम या प्रजातीच्या (जवळच्या जातींच्या गटातील) सापांना मात्र छाटलेली शेपटी नसते. तिच्यातील दक्षिण महाराष्ट्र, गोवा आणि लगतच्या कर्नाटकातील साप पूर्वी दक्षिणेकडील जातीचेच मानले जात. २०१६ साली ते स्वतंत्र ठरले आणि पुण्याचे सर्पतज्ज्ञ नीलिमकुमार खैरे यांच्या नावावरून त्यांचे नामकरण मेलॅनोफिडियम खैरेई असे झाले.